दोन दरबारांचे कौल



ज्या गृहस्थांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी योजिले जाते त्यांनी उभा जन्म मामलेदार कचेरीत कारकुनी केली आणि पेन्शनीत गेल्यावर मोडी दप्तरे वाचण्याचा नाद लावून घेतला. आपल्या मागे आपल्या नावाची पाटी कोठेही लागू नये असे त्यांनी घरच्यांना बजावून ठेवले होते. ही व्याख्यानमाला सुरू करून चालकांनी त्यांच्या इच्छेचा अर्धा भंग केलाच आहे, तेव्हा उरलेला अर्धा माझ्या हातून होऊ नये म्हणून मी त्यांचे नाव न घेताच बोलणार आहे. तुम्ही बहुतेक सर्वजण त्यांना ओळखत होता, आणि जे ओळखत नव्हते त्यांना पुढील तासाभरात ते थोडेफार भेटतील.

चालकांनी मला दिलेला विषय ‘अस्थिर काळात ईश्वरावरील भरवसा’ असा आहे. विषय इतका ऐसपैस आहे की त्यावर काहीही न सांगता तासभर बोलता येते, आणि या विषयावर तसे बोललेले मी पुष्कळदा ऐकले आहे. म्हणून मी एकच उदाहरण घेणार आहे, आणि तेही या फोंड्याच्या सभागृहातून सकाळी निघालेला मनुष्य दुपारच्या जेवणापर्यंत पायी पाहून येईल एवढ्या अंतरावरचे. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, बांदिवडे, वेलिंग, केरी ही नावे आपल्या इतकी अंगवळणी पडली आहेत की या गावांतले बरेचसे देव मूळचे येथले नाहीत, नदीपलीकडून आलेले निर्वासित आहेत, ही गोष्ट आपण जाणूनही विसरलेलो असतो.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो आपणांस ठाऊक आहे. 1510 मध्ये आफोन्सु द आल्बुकेर्कने गोवे बेट घेतले. 1540 च्या सुमारास तिसवाडीतली देवळे पडली. 1543 मध्ये साष्टी आणि बार्देश हे दोन महाल विजापूरकरांकडून पोर्तुगीजांकडे गेले, आणि प्रथम काही वर्षे तेथील रयतेला वाटले की अंमल बदलला तरी धारा भरला म्हणजे झाले, पूर्वीचे सर्व पूर्ववत चालेल. अंमल बदलला की रयतेला नेहमी असेच वाटते. 1560 मध्ये इन्क्विझिशनचे न्यायासन गोव्यात स्थापन झाले. 1566 मध्ये नवे देऊळ बांधण्यास आणि जुन्याची डागडुजी करण्यास मनाई झाली. पुढल्याच साली रायतूरच्या किल्ल्याच्या कप्तानाने साष्टीतली अडीचशेहून अधिक देवळे जमीनदोस्त केली. डागडुजीच्या मनाईकडे आपण जरा थांबून पाहावे असे मला वाटते. देऊळ पाडणे हा एका दिवसाचा प्रकार. परंतु कौल फुटले तर बदलायचे नाही, भिंतीला चीर गेली तर लिंपायची नाही, असा हुकूम ज्या गावाने ऐकला त्याला त्या वर्षीच्या पावसाळ्यात प्रत्येक सरीबरोबर काय वाटले असेल याची कल्पना कोकणच्या पावसात राहिलेल्या माणसालाच करता येईल.

याच सुमारास देव निघाले. कुठ्ठाळीचा मंगेश 1560 मध्ये प्रियोळच्या हद्दीत आला. केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली; वेर्ण्याची महालसा म्हार्दोळास आली आणि येताना वेर्ण्यातल्या आपल्या वाड्याचे म्हार्दोळ हे नावही बरोबर घेऊन आली, म्हणून तिकडे आज जुने म्हार्दोळ आहे आणि इकडे नवे. लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास, सांकवाळचा नरसिंह वेलिंगला, रायची कामाक्षी शिरोड्यास, मडगावचा दामोदर जांबावलीस, चोडणचा देवकीकृष्ण फिरत फिरत माशेलास. दिवाडीचा सप्तकोटेश्वर, जो कदंब राजांचे कुलदैवत, तो नदी ओलांडून नार्व्यास गेला आणि त्याचे देऊळ 1668 मध्ये शिवछत्रपतींच्या आज्ञेने उभे राहिले, हे तेथील शिलालेखावर आजही वाचता येते. आणि यांतले बहुतेक देव ज्या अंत्रुज महालात, म्हणजे या फोंड्याच्या परिसरात, आश्रयाला आले तो महाल त्या वेळी कोणाच्या अंमलात होता? विजापूरच्या आदिलशहाच्या. आपल्या व्याख्यानांतून ही गोष्ट अनेकदा गाळली जाते. ती गाळणे मला प्रामाणिक वाटत नाही, आणि आमच्या स्मरणीय गृहस्थांना तर ती फार आवडत असे.

केळोशीचे नाव आले म्हणून आणखी एक तपशील सांगतो. याच केळोशी गावात कृष्णदास शामा नावाचा कवी राहत होता आणि 1526 मध्ये त्याने मराठी ओवीत श्रीकृष्णाचे चरित्र रचण्यास आरंभ केला. पणजीच्या किनाऱ्यावर परकी तोफा येऊन सोळा वर्षे झाली होती, आणि खाडीच्या अलीकडे एक मनुष्य निवांतपणे पोथी लिहीत होता. चाळीस वर्षांनी त्याच गावाची देवी होडीत बसून निघून जाणार होती. कृष्णदासाला ते ठाऊक असते तर त्याने ग्रंथ हाती घेतला असता की नाही, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. परंतु काही कामे ही पुढचे ठाऊक नसते म्हणूनच होतात, हे मात्र खरे.

आता संशयी मनुष्याचा प्रश्न घेऊ. तो प्रश्न जुना आहे आणि त्याला टाळून चालणार नाही: ज्या देवाला स्वतःलाच रात्री पळ काढावा लागला, त्याच्यावर भरवसा कशाचा ठेवायचा? जो आपले छप्पर राखू शकला नाही तो भक्ताचे काय राखणार? आमच्याकडे याचे एक ठराविक उत्तर आहे, आणि ते स्वप्नदृष्टांताचे आहे: देवच पुजाऱ्याच्या स्वप्नात आला, मला येथून हलव म्हणाला, गाईने अमुक ठिकाणी पान्हा सोडला, तेव्हा जे झाले ते देवाच्या इच्छेने झाले. या कथांचा मी अनादर करीत नाही. परंतु त्या बहुधा नंतरच्या असतात. घटना घडून गेल्यावर, नवे देऊळ उभे राहिल्यावर, समईच्या उजेडात बसून सांगितलेल्या असतात. ज्या रात्री होडी सोडली त्या रात्री त्या होडीतल्या माणसापाशी असली कथा नव्हती. त्याच्यापाशी धोतरात गुंडाळलेला एक पाषाण होता, ओहोटीची वेळ होती, आणि पलीकडच्या तीरावर आपल्याला कोणी उतरू देईल की नाही याची काही शाश्वती नव्हती. त्याच्या मनात काय होते, हा माझा आजचा खरा विषय आहे.

येथे मी आपणांस एका शब्दाकडे नेतो. तो शब्द म्हणजे कौल. घरावरचे नव्हे, देवाचा.

या महालातल्या देवळांत कौल लावण्याचा प्रघात आपणांस सांगावयास नको, तरी बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो. पुजारी मूर्तीला स्नान घालून फुलांच्या पाकळ्या ओल्या करतो आणि ठरलेल्या जागी, उजव्या-डाव्या अंगास, चिकटवतो. मग ज्याचे काम असेल त्याचे गाऱ्हाणे घालतो, आणि सर्वजण पाकळी कोणत्या अंगाची पडते ते पाहत राहतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. काही वर्षांपूर्वी आमच्या गृहस्थांबरोबर मी अशाच एका देवळात बसलो होतो. सत्तरीची एक बाई आली होती. तिच्या मुलाला आखातात नोकरी मिळत होती. जावे की राहावे, एवढेच तिला विचारायचे होते. पुजाऱ्याने पाकळ्या लावल्या आणि मागे वळून विचारले, “कितें विचारूं?” बाईने मुलाची सगळी हकिगत सांगावयास आरंभ केला: त्याचे कर्ज, सुनेची प्रकृती, शेजाऱ्यांशी कुंपणावरून चाललेला तंटा. पुजाऱ्याने हात वर करून थांबवले. देवाला इतके विचारता येत नाही, एकच गोष्ट विचार. बाई गप्प झाली. त्या गप्प होण्यात पाच मिनिटे गेली असतील. मग ती म्हणाली की या पावसाआधी जावे काय, तेवढे विचारा.

गाभाऱ्यात काळोख होता. समईच्या उजेडात पाषाणावरचे पाणी चकाकत होते, आणि त्यावर शेवंतीच्या पाकळ्या अगदी निश्चळ. कोणी खोकले नाही. किती वेळ गेला कोण जाणे. अखेर डाव्या अंगाची पाकळी सुटली, जराशी घसरली, अडखळली आणि पडली. मला वाटले, संपले. बाई आता रडेल. ती रडली नाही. तिने पदर सावरला आणि पुजाऱ्याला म्हणाली, मग पावसानंतर जावे काय, ते विचारा. पुन्हा पाकळ्या ओल्या झाल्या.

देवळाबाहेर आल्यावर मी शिकलेल्या माणसाच्या सवयीने पाण्याचा ओलावा, पाषाणाचा उतार, पाकळीचे वजन असले काहीबाही बोललो. आमचे गृहस्थ ऐकून घेऊन म्हणाले, “पाकळी कशाने पडते ते तुम्ही बरोबर सांगितले. पण त्या बाईने आपली चार दुःखे एका प्रश्नात बसवली, ते कशाने झाले?” मला उत्तर देता आले नाही. आज इतक्या वर्षांनी मला असे वाटते की ज्याला आपण भरवसा म्हणतो त्याचा आरंभ येथेच आहे: ज्याच्यापुढे आपला प्रश्न नीट शब्दांत मांडण्याची आपल्याला गरज वाटते, आणि ज्याने नाही म्हटल्यावरही पुन्हा विचारण्याची आपल्याला चोरी वाटत नाही, त्याच्यावर आपला भरवसा असतो. नकारानंतर संबंध संपतो तो सावकाराशी; घरातल्या वडील माणसाशी तो संपत नाही.

परंतु कौल या शब्दाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे, आणि ती मला त्यांनीच दाखवली. हा शब्द मुळात देवळातला नाही. तो अरबी आहे. त्याचा अर्थ बोल, वचन. आणि आमच्याकडे तो कचेरीच्या वाटेने आला. त्यांच्या खोलीत, भिंतीतल्या कपाटात, जुन्या पंचांगांच्या खाली त्यांनी काही मोडी कागदांच्या नकला ठेवल्या होत्या. त्यांतला एक कौलनामा त्यांनी मला बोट फिरवून वाचून दाखवला. लढाई, लूट किंवा दुष्काळ यांनी गाव उजाड झाला, रयत परागंदा झाली, विहिरीत झुडपे माजली आणि पाटलाच्या चावडीत कुत्री वसू लागली म्हणजे सुभेदार अगर कमाविसदार असा कागद धाडीत असे. त्याचा आशय सर्वत्र सारखाच: तुम्ही कोणताही अंदेशा न धरता गावी यावे, वस्ती करावी, कीर्दी करावी, मागील बाकीचा तगादा तूर्त होणार नाही, पहिल्या साली इतकेच द्यावे, दुसऱ्या साली त्याहून थोडे अधिक, असे चढत चढत अमुक सालापासून पूर्ण दस्त भरावा. या चढत्या आकारणीला इस्तावा म्हणत. 1630 च्या दुष्काळानंतर आणि मुरार जगदेवाने पुण्याची कसबा वस्ती जाळून टाकल्यानंतर तो उजाड मुलूख पुन्हा वसवला गेला तो अशाच कौलांनी आणि इस्ताव्यांनी.

कागद वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि मला विचारले की यात काय नाही ते सांगा. मी पुन्हा वाचला. मग त्यांनीच सांगितले: यात पाऊस नाही. पाऊस पडेल असे सरकारने कोठे लिहिलेले नाही. शत्रूची फौज पुन्हा येणार नाही असेही नाही. बियाणे उगवेल असे नाही. तगाई मिळेल ती परत करायचीच आहे. इतके सर्व वगळून जे उरले तेवढ्यावर माणसे रानावनांतून परत आली, आणि ज्या विहिरीत साप होते ती उपसून त्यांनी नांगर धरला.

मला वाटते, नदी ओलांडणाऱ्या त्या माणसाला देवाने दिलेला कौल याच जातीचा होता. आणि आपली गफलत अशी होते की आपण कौलाला जामीनकतबा समजतो. देवावर विश्वास ठेवला म्हणजे नोकरी टिकेल, आजार उतरेल, अंमल बदलणार नाही, असा जामीन आपण मनातल्या मनात लिहून घेतो, त्यावर देवाची सही आपणच करतो, आणि मुदत उलटली म्हणजे देवावर फिर्याद लावतो. देवाने असला कागद लिहून दिल्याचे कोणत्याही दप्तरी रुजू नाही. देहूच्या तुकोबांनी त्या दुष्काळात पत्नी गमावली, मुलगा गमावला, दुकान बसले. आणि मग त्यांनी वडिलांच्या वेळची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, धाकट्या भावाच्या हिश्श्याची निम्मी खते त्याला देऊन आपल्या वाट्याची तेवढी बुडवली, असे महिपतीबोवा सांगतात. या निम्म्या वाटणीवर आमचे कारकून गृहस्थ फिदा होते. एवढ्या वैराग्यातही हिशेब चोख, असे म्हणून ते हसत. पण मग गंभीर होऊन म्हणत की खत बुडवणे म्हणजे काय, हे कचेरीत बसलेल्या माणसाला विचारा. आपले येणे सोडणे हे देणे बुडवण्यापेक्षा कठीण असते. देवाकडे आपले काही येणे आहे, ही समजूत ज्याने बुडवली त्याच्याच हाती कौल उरतो.

इस्ताव्याची गोष्ट तर अधिकच विचार करण्याजोगी आहे. आजची मंगेशीची आणि कवळ्याची भव्य देवळे आपण पाहतो, दीपमाळ पाहतो, तळी पाहतो, अग्रशाळा पाहतो, आणि आपल्याला वाटते की देव आले आणि वैभव आले. तसे झालेले नाही. शांतादुर्गेचे मोठे देऊळ शाहू महाराजांच्या दरबारातील नारोराम मंत्र्यांच्या पुढाकाराने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभे राहिले आणि कवळे गाव देवीला इनाम मिळाला. मंगेशीचे गाव 1739 मध्ये पेशव्यांकडून देवाला इनाम झाले ते रामचंद्र मल्हार सुखठणकर यांच्या खटपटीने. 1560 पासून 1739 पर्यंत किती वर्षे होतात? एकशे एकोणऐंशी. सहा-सात पिढ्या. कुठ्ठाळीहून ज्याने तो पाषाण आणला त्याने, त्याच्या मुलाने, नातवाने आणि पणतूनेही आजचे देऊळ पाहिले नाही. त्यांनी पाहिली ती लहानशी वास्तू, परक्याची जमीन, सुलतानाचा अंमल, पुढे शिवछत्रपतींचा, मग सोंध्याचा, मधूनमधून पोर्तुगीज फौजा. आणि अखेरीस ज्यांच्यापासून पळून आलो त्यांचाच अंमल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फोंडा महालावर बसला. फरक एवढाच झाला होता की तोपर्यंत त्या सरकारलाही काही गोष्टी कळल्या होत्या, आणि या नव्या महालांतल्या देवळांना हात लावायचा नाही असे त्याने कबूल केले होते. या सबंध काळात रोजची पूजा खंडली नाही. तिचे वर्णन कोणी लिहून ठेवलेले नाही, कारण रोजच्या गोष्टी कोणी लिहीत नाही.

येथवर मी गेलेल्यांविषयी बोललो. परंतु सगळे गेले नाहीत. एका घरातले दोन भाऊ. एकाने देव घेतला आणि नदी ओलांडली, दुसऱ्याने मिरास घेतली आणि धर्म बदलला. या दुसऱ्या भावाविषयी आपल्या सभांतून जे बोलले जाते ते मला पटत नाही. त्याने भूमीचा लोभ धरला असे म्हणणे सोपे आहे. परंतु म्हातारी आई, लहान मुले आणि उभे पीक मागे टाकून जाणे ज्याला जमले नाही त्याच्या मनातला देव त्या दिवशी मेला, असे मानण्यास मला आधार दिसत नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यास आला आणि त्याने मराठी ओवीत ख्रिस्तपुराण लिहिले. ते का लिहिले, याचे कारण त्या ग्रंथातच आले आहे: साष्टीतल्या एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने त्याला म्हटले की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांला का देत नाही? ग्रंथ 1616 मध्ये छापला गेला तो कोठे, तर रायतुरास. ज्या रायतूरच्या कप्तानाने अर्धशतकापूर्वी साष्टीतली देवळे पाडली होती, त्याच रायतुरास. देव हिरावला, नाव बदलले, पोशाख बदलला, तरी संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसून आपल्या भाषेत, आपल्या ओवीत देवाचे चरित्र ऐकावे ही भूक मात्र उरली. आणि ती त्या मनुष्याने नव्या धर्माच्या दारात निर्भीडपणे जाऊन मागितली. हेही गाऱ्हाणेच होते, आणि त्याचा कौल उजवा पडला.

कुंकळ्ळीचे उदाहरण मी येथे थोडक्यातच घेतो, कारण त्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हावे. 1583 मध्ये तेथील गावकऱ्यांनी प्रतिकार केला, पाच जेझुइट मारले गेले, आणि त्याची शिक्षा म्हणून गावचे पुढारी बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. गावची देवी फातर्प्यास गेली. आजही शिमग्याच्या दिवसांत ती बारा छत्र्यांनिशी, गुलालाच्या धुरळ्यात, आपल्या जुन्या गावी येते. बारा छत्र्या म्हणजे बारा गावकर घराणी, आणि त्यांतली पुष्कळ घराणी आज ख्रिस्ती असूनही मानाला उभी राहतात. याला कोणी समन्वय म्हणतात, कोणी सहिष्णुता. मला हे शब्द फार गुळगुळीत वाटतात. ज्या गावाने इतके सोसले त्याला देवी एक दिवस घरी आलेली पाहायची असते, एवढेच पुरे.

आता एक अप्रिय गोष्ट बोलतो. नदी ओलांडताना होडी कोणी वल्हवली? पाषाण कोणी उचलला? डोंगरवाट कोणी दाखवली? अंत्रुजातल्या ज्या कुळवाड्यांनी, गावड्यांनी, खारव्यांनी रात्री बेरात्री हे काम केले असेल, आणि त्यांच्यावाचून ते कोणालाही करता आले नसते, त्यांची नावे कोणत्याही देवळाच्या महाजनांच्या यादीत आढळत नाहीत. पुढे पोर्तुगीज सरकारनेच महाजनकीचे नियम कायद्याने बांधून दिले, आणि देव कोणाचा हे रजिस्टरात पाहून ठरू लागले. देवावर भरवसा ठेवणाऱ्यांची यादी करता येते, ही कल्पना मला मूळचीच विपरीत वाटते. आणि ती करून तीत वल्हवणाऱ्याला जागा न ठेवणे हे तर, स्पष्ट बोलतो, कृतघ्नपणाचे आहे. आमचे गृहस्थ स्वतः महाजन घराण्यातले होते. एकदा त्यांनी महाजनांच्या सभेत हा प्रश्न काढला, आणि त्यानंतर दोन वर्षे त्यांना पालखीच्या दिवशी कोणी बोलावले नाही. ते न बोलावता जात आणि मागे उभे राहत.

त्यांच्या हयातीत आम्ही दोघांनी केलेला शेवटचा प्रवास सांगून मी आपली रजा घेतो. सांगे तालुक्यातले कुर्डी हे गाव साळावली धरणासाठी उठवले गेले. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे नाव ज्या गावावरून आले तेच हे गाव. माणसे वाडे आणि वालकिणी येथे वसवली गेली. तिथले कदंबकालीन महादेवाचे देऊळ पुरातत्त्व खात्याने चिरा चिरा सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभे केले. परंतु दरवर्षी मे महिन्यात पाणी उतरते तेव्हा कुर्डी वर येते: चिखलाची भेगाळलेली जमीन, घरांची जोती, तुळशीवृंदावने, वाळलेल्या माडांची खोडे. सोमेश्वराच्या उत्सवाला गावकरी जमतात, आणि ख्रिस्ती कुटुंबे आपल्या कपेलाच्या सणासाठी येतात. सरकारने केलेले स्थलांतर आणि पोर्तुगीजांनी केलेले यांत फरक आहे हे मी जाणतो. येथे नुकसानभरपाई होती, कागद होते, हेतू रयतेच्या पाण्याचा होता. तरीपण उठलेला गाव तो उठलेलाच.

आम्ही पोचलो तेव्हा उत्सव आटोपत आला होता आणि माणसे सावलीच्या शोधात जोत्याजोत्यांवरून हिंडत होती. ही पडवी, येथे जाते होते, येथे न्हाणी, असे म्हातारे आपल्या नातवंडांना दाखवीत होते, आणि नातवंडांना भेगांतल्या शिंपल्यांत अधिक रस होता. एका जोत्यावर एक म्हातारी ओणवी होऊन केरसुणीने झाडत होती. केरसुणी तिने बरोबर आणलेली असावी, कारण तेथे गवताची काडी नव्हती. वाळलेला गाळ निघता निघत नव्हता. तिने पाण्याची कळशी आणली होती, त्यातले पाणी हाताने शिंपडून ती धूळ बसवत होती आणि पुन्हा झाडत होती. दोन-तीन आठवड्यांत मिरग लागणार, आणि मग या जोत्यावर पुरुषभर पाणी. आमच्या गृहस्थांनी बराच वेळ पाहून तिला विचारले की आये, आता पाऊस येईल, मग हे कशाला? तिने मान वर केली, आम्हां दोघांना न्याहाळले आणि विचारले, तुम्ही कुणाच्या घरचे? त्यांनी आपले घराणे सांगितले. तिने ओळख पटल्यासारखी मान हलवली आणि म्हणाली, बरे, मग जरा बाजूला व्हा, तुम्ही उभे आहात तेवढा कोपरा राहिला आहे.